सातव्या जोडाची शपथ

आमच्या वारज्याच्या सोसायटीत, बी विंगच्या चौथ्या मजल्यावर यज्ञेश्वर दाबके राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, उंची भरपूर, आवाज असा की सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उभे राहिले तरी टाकीत प्रेत सापडलंय असं वाटावं. चाळीस वर्षांपूर्वी मराठी रहस्यपटांचा दिग्दर्शक म्हटलं की दाबके, दुसरं नाव नव्हतं. आता ते सकाळी भाजी आणायला जातात. पण भाजीपर्यंत सुखानं पोचू देतील तर ते पुणेकर कसले.

"आपण दाबके ना? 'सातवा जोड'वाले?"

"हो."

"मी मध्यंतरालाच ओळखलं होतं."

एवढं बोलून माणूस चालू लागतो. नमस्कार नाही, चित्रपट आवडला वगैरे तर नाहीच. अशी हजारो माणसं दाबक्यांना आजवर भेटली. एवढ्या लोकांनी खुनी मध्यंतरालाच ओळखला असेल, तर उरलेला वेळ ते काय पंख्याखाली बसायला मिळतंय म्हणून थांबले होते?

'सातवा जोड' आला १९८३ साली. पानशेतच्या वाटेवर एक बंगला, मुक्कामाला सहा पाहुणे, सकाळी दाराबाहेर चपलांचे सात जोड आणि आत यजमान पायातल्या चपलांसकट मेलेला. शेवट फुटू नये म्हणून दाबक्यांनी शेवटच्या प्रसंगाची पानं सकाळी वाटली, संध्याकाळी मोजून परत घेतली आणि घरी येऊन स्वतःच्या हातानं बंबात घातली. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार छान तापलं होतं, असं त्यांच्या पत्नी हेमावहिनी अजून सांगतात.

एवढ्यावर थांबते तर निभावलं असतं. पण पहिल्या खेळाला हे गृहस्थ पडद्यासमोर आले, सगळ्या प्रेक्षकांना उभं केलं, उजवा हात पुढे करायला लावला आणि वदवून घेतलं, "ज्यानं हा चित्रपट पाहिलेला नाही, त्याला मी शेवट सांगणार नाही. कसब्याच्या गणपतीची शपथ." पुढे अठ्ठावीस आठवडे, स्वारगेटजवळच्या त्या थिएटरचे द्वारपाल बापूराव प्रत्येक खेळाआधी ही शपथ देत होते.

दुसऱ्या गावात ही शपथ सायकल स्टँडपर्यंतसुद्धा टिकली नसती. पुण्याची गोष्ट वेगळी. पुणेकर कुणाचं ऐकत नाही, पण एकदा स्वतःच्या तोंडानं बोलला की ब्रह्मदेव आला तरी शब्द मागे घेत नाही. माझ्या वडिलांनी 'सातवा जोड' तीनदा पाहिला. शेवटच्या आजारात त्यांनी मला लॉकरची किल्ली कुठे आहे ते सांगितलं, दूध अर्धा लिटर कमी करायला सांगितलं. खुनी सांगितला नाही. मी विचारलं होतं.

चित्रपट आला तेव्हा मी बारा वर्षांचा, आणि तो प्रौढांसाठी. पण चित्रपट न पाहिलेली आणखी एक व्यक्ती होती, ती म्हणजे खुद्द हेमावहिनी. पहिला खेळ चालू असताना त्या बाळंतपणाच्या खोलीत होत्या. सलोनी झाली. नंतर म्हणाल्या, "पास नकोत मला. बघेन तर तुमच्या शेजारी बसून." अठ्ठावीस आठवड्यांत दाबक्यांना शेजारी बसायला वेळ झाला नाही. पुढे टीव्हीवाल्यांनी चित्रपट मागितला तर यांनी दिला नाही, कारण घरोघरी जाऊन शपथ कोण देणार? एकुलती एक प्रिंट माळ्यावर जाऊन बसली.

त्यानंतर दाबक्यांचे दिवस फिरले. पुढच्या रहस्यपटाला लोक चित्रपट बघायला नाही, यांना पकडायला आले. दहाव्या मिनिटाला बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "तो माळी." माळी बिचारा निर्दोष होता, पण पुढचे दोन तास सगळं थिएटर माळ्याकडेच बघत बसलं. वैतागून त्यांनी कौटुंबिक चित्रपट काढला. त्यात सासू सुनेला चहाचा कप देते, तर थिएटरात चिडीचूप. नायकानं नायिकेला मोगरा दिला, तेव्हा मागून एक बाई कळवळून म्हणाली, "वास घेऊ नकोस गं." समाप्तची पाटी आली तरी लोक उठेनात. प्रेत राहिलं होतं ना.

मग निर्माते यायचे ते खूनच मागायचे, आणि यांना खून सुचेना. पन्नाशीतच माणूस घरी बसला. एकदा गॅलरीत मला म्हणाले, "सहा जणांना बंगल्यात कोंडून मी चित्रपट केला. ते सगळे केव्हाच सुटले. मी आतच आहे."

यंदा एका फिल्म क्लबनं माळ्यावरची ती प्रिंट नेली, आणि मग त्यांची तनया घरी आली. आयटीतली मुलगी, बोलणं वेगानं. "सर, प्रिंट क्लीन केलीय, सॉलिड झालीय. फक्त लास्ट रीळ गेलंय. टोटली." माळ्यावर ते रीळ वितळून गुळाच्या ढेपेसारखं झालं होतं. "पण नो टेन्शन. नववं रीळ संपलं की तुम्ही स्टेजवर या आणि शेवट सांगा. लाइव्ह."

दाबके ऐटीत हो म्हणाले. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "मी येणार. शेजारी बसणार."

दुसऱ्या दिवशी दाबक्यांनी मला बोलावलं, दाराला कडी लावली आणि त्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "मला शेवट आठवत नाही."

"कुणाचा?"

"सातव्या जोडाचा. खून कुणी केला, आठवत नाही. वर्ष झालं."

बाकी सगळं आठवत होतं. शेवटच्या प्रसंगाला जनरेटर दोनदा बंद पडला, नायिकेनं मिसळ खाल्ल्यामुळे तिला उभं राहवत नव्हतं, सगळं. फक्त खुनी गायब. शूटिंगच्या वेळी ज्या सात जणांना शेवट ठाऊक होता, ते एकेक करून गेले. पानं बंबात गेली.

"डोक्यात असेलच हो कुठेतरी," मी म्हणालो.

"असेल. कुलूप मीच लावलंय."

"वहिनींना सांगून टाका."

"ती चाळीस वर्षं थांबलीय. तिला काय सांगू, की तुला माहीत नाही तेवढंच मलाही नाही?"

मग आमचा तपास सुरू झाला. माझी स्कूटर, मागे दाबके. पहिले सापडले सी विंगमधले रंगनाथराव, निवृत्त मुख्याध्यापक. दाबके सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुम्ही मध्यंतरालाच ओळखलंत म्हणता. कुणाला ओळखलंत?"

"ते आता कशाला."

"बघू तरी, बरोबर होतं का."

"बरोबरच होतं. शेवट पाहिला ना आम्ही." मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहून म्हणाले, "यांनी पाहिलाय?"

"नाही."

"मग?" आणि त्यांनी पेपर उघडला.

तिथून खडकी. बापूराव तिथे मुलाकडे राहतात. साहेबांना बघून ते उठून उभे राहिले.

"बापूराव, शेवट आठवतो का हो?"

"पाचशे येळा बघितलाय साहेब. डोळं मिटलं तरी दिसतो."

"मग सांगा बघू."

बापूरावांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी बघितलाय का?"

मी मुकाट्यानं बाहेर जाऊन चिंचेखाली उभा राहिलो. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"आता सांगा."

"पर साहेब, तुमचाच शेवट तुमाला कशाला सांगू? इसरलाय व्हय?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं होतं. तो 'हो' काही येईना. मग आवाज आला, तोच भारदस्त. "छे. तुमची परीक्षा घेत होतो."

"म्हाईत होतं मला," बापूराव खूश होऊन म्हणाले.

आम्ही औंधपर्यंत आलो. मग मागून आवाज आला, "उद्या तापाचं नाटक केलं तर?" मी म्हटलं, वहिनी थर्मामीटर लावतील.

रविवारी सकाळी दहा वाजता स्वारगेटजवळचा हॉल भरला. निम्मे लोक गुडघ्यांना पट्टे लावून आलेले. बापूराव हातात बॅटरी घेऊन आपण होऊन दाराशी उभे होते. त्यांनीच शपथ दिली. सगळे उठले, हात पुढे झाले. पहिल्या रांगेत दाबके, शेजारी नारायणपेठी नेसलेल्या वहिनी, मागे मी.

चित्रपट सुरू झाला आणि मी दाबक्यांकडेच बघत राहिलो. ते पुढे सरकले, खुर्चीच्या कडेवर आले, एका प्रसंगाला त्यांनी वहिनींचा हात धरला. मध्यंतरात मागे वळून मला हळूच म्हणाले, "तुम्हाला कोण वाटतं? मला डॉक्टर वाटत होता, पण आता त्या आत्याबाईंचं काही खरं नाही." मध्यंतराला खुनी ओळखता आला नाही, असं कबूल करणारा पुण्यातला तो पहिला प्रेक्षक.

नववं रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. तनयानं नाव पुकारलं. दाबके स्टेजवर गेले आणि त्यांनी माइक धरला.

"मला शेवट आठवत नाही."

हॉल हसला. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी रंगनाथराव म्हणाले, "काय जागा घेतो हा माणूस."

दाबक्यांनी पुन्हा सांगितलं. टाळ्या वाढल्या. स्वतःच्याच आवाजात सापडला होता माणूस. खरं बोलून सुटायची सोय नव्हती. तिसऱ्यांदा त्यांनी माइक खाली ठेवला आणि भाजीवाल्याला भेंडी जून आहे असं सांगतात, तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "अहो, खरंच आठवत नाही. बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून इथपर्यंत आलो."

हसणं थांबलं. वहिनींनी मान खाली घातली आणि पदराची न विस्कटलेली घडी नीट केली.

मागून बॅटरीचा झोत दाबक्यांच्या तोंडावर पडला. "साहेब, ह्ये खडकीलाच बोलायचं," बापूराव म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "शपथ काय हाय? ज्यानं बघितला न्हाय, त्याला सांगायचं न्हाय. साहेबांनी तर बघितलाय."

रंगनाथराव उठले. "मुद्दा बरोबर आहे. पण सभागृहात न पाहिलेले लोक बसलेत."

"मंग त्येंनी भाईर."

"पण आम्ही नऊ रिळं पाहिली आत्ता," तनया म्हणाली. "कार्यक्रम आमचाय."

"शेवट न बघता पाहिला कसा म्हणता, ताई?" रंगनाथराव म्हणाले. शाळेत त्यांच्यासमोर कुणाचं काय चालत असेल याची कल्पना आली.

बाहेर काढलेल्यांत तनया, तिचे सगळे मित्र आणि मी होतो. वहिनी कुणी सांगायच्या आतच उठल्या होत्या. बापूरावांनी दार लावलं, आतून कडी घातली.

आम्ही कागदी कपातली कॉफी घेऊन उभे राहिलो. आत शांतता. मग दोनशे माणसं एकदम बोलली. सगळी एकदम बोलल्यामुळे नाव काही कळलं नाही. आणि मग दाबके हसले. त्यांना असं पोट धरून हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. वहिनी दाराकडे बघत होत्या. कॉफी तशीच होती.

दार उघडलं. दाबके आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन.

"कळलं?" वहिनींनी विचारलं.

"कळलं."

"मग सांगा."

दाबक्यांनी मागे पाहिलं. बापूराव दारात उभेच होते. "शपथ घातली गं त्यांनी," दाबके म्हणाले. "आत्ताच. हात पुढे करायला लावून."

वहिनींनी कॉफीचा कप ठेवून दिला. आम्ही रिक्षा केली. एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी, मध्ये दाबके गुडघे पोटाशी घेऊन अडकलेले. कर्वेनगरपर्यंत त्यांनी कसंबसं धरून ठेवलं.

"हेमा, तुला कोण वाटलं?"

"मी मध्यंतरालाच ओळखलं."

"कोण?"

"ते आता कशाला."

दाबके वहिनींच्या चेहऱ्याकडे बघू लागले. वहिनी बाहेर बघत होत्या. दाबक्यांनी माझ्याकडे वळून कुजबुजत विचारलं, "ओळखलं असेल हो हिनं?" मला काय ठाऊक, मला खुनीच माहीत नव्हता. ते पुन्हा तिकडे वळले आणि वारजं येईपर्यंत वहिनींच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.