कायदा झाल्याशिवाय नाही

आमच्या थोरल्या आत्याच्या यजमानांइतका बिनकामाचा माणूस आंबेगाव तालुक्यात दुसरा झाला नाही. आमच्या जुन्नर तालुक्यात झालाही असता, पण आमच्याकडे लोकांना कामं असतात. आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामा म्हणतात, म्हणून हे आमचे मामा. राहायला महाळुंगे पडवळला. तीन एकर बागायत, दोन म्हशी, दोन लेकी, दोघीही नांदायला गेलेल्या. आणि धंदा विचाराल, तर कायदा बदलणं. वकील नव्हते. चौथीत ते शाळेला आणि शाळा त्यांना कंटाळली होती. पण नव्वद सालाच्या मागेपुढे कधीतरी त्यांनी डोक्यात घेतलं, की महाराष्ट्रातलं प्रत्येक घर नवऱ्याबरोबर बायकोच्याही नावावर लागलं पाहिजे, आणि तसा कायदा झाला पाहिजे. त्यानंतरची बारा-तेरा वर्षं या गृहस्थानं ना धड शेती केली, ना शेजाऱ्याला सुखानं करू दिली.

याला निमित्त झाली त्यांची धाकटी बहीण. तिला शिनोलीला दिली होती. नवरा वारला, तेराव्याचे पाहुणे एसटीत बसले आणि संध्याकाळच्या आत तिच्या दिरानं घराला कुलूप घातलं. पत्र्याची पेटी घेऊन ती माहेरी आली ती कायमची. पुढे मी बी.ए. झालो तेव्हा मोठ्या ऐटीत मामांना सांगितलं, की विधवेचा हक्क कायद्यात आहेच, तुम्ही नवीन काय मागताय? मामा म्हणाले, "हक्क पुस्तकात व्हता, बी.ए.; पन कुलूप दिराच्या हातात व्हतं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर तिचं नाव असतं, तर घर कुणाचं हे शिपायाला बी वाचता आलं असतं." तीन वर्षं नारायणगावला सायकल मारून शिकलो, पण असल्या प्रश्नांचा पेपर आम्हाला नव्हता.

मामा मला नावानं हाक मारत नसत, 'बी.ए.' म्हणत. पिंपळवंडीच्या आमच्या अख्ख्या भावकीत पहिला पदवीधर मी. माझ्या वडिलांना त्या पदवीचा अभिमान होता आणि मामांना तिचा उपयोग होता. महिन्यातून दोनदा ते मंचरहून एसटीनं यायचे, खांद्याला खताच्या पिशवीची शिवलेली झोळी, आणि चहा यायच्या आत म्हणायचे, "घे लिहायला." मग सविनय अर्ज सुरू. मजकूर चार ओळींचा आणि खाली 'प्रत माहितीसाठी सादर' याची यादी दीड पानाची. मुख्यमंत्री, राज्यपाल, जिल्हाधिकारी, तहसीलदार, साखर कारखान्याचे चेअरमन, मंचरच्या बाजार समितीचे सभापती. कांदा-बटाट्याच्या सभापतीचा या कायद्याशी काय संबंध, असं विचारलं तर म्हणाले, "त्याला बी बायको हाय." एकदा यादीच्या शेवटी त्यांनी 'श्री भैरवनाथ' असं लिहायला लावलं आणि ती प्रत खरोखर देवळात नेऊन देवाच्या पायाशी ठेवली. गुरवानं दुसऱ्या दिवशी त्यात अंगारा बांधून दिला. एवढ्या सगळ्या प्रतींपैकी माझ्या माहितीत उपयोगी पडलेली ती एकच.

लग्नसराईत तर हा माणूस म्हणजे अरिष्ट होतं. आमच्या दोन्ही तालुक्यांत लग्नाच्या आधी पुढाऱ्यांनी माईकवरून आशीर्वाद द्यायची पद्धत आहे. मुहूर्त बाराचा असला तरी सगळे चेअरमन, सभापती, माजी आणि भावी मंडळी बोलून झाल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. नवरा-नवरी उन्हात वाळतात आणि वऱ्हाडाला भुकेनं भोवळ येते. या रांगेत मामा घुसायचे. सूत्रसंचालकाच्या हातातून माईक घ्यायचे आणि थेट नवरदेवाला विचारायचे, "पावणं, घर कुणाच्या नावावर हाय?" नवरदेव बिचारा मुंडावळ्यांतून बापाकडे बघायचा. "बापाच्या? मंग ही पोरगी कुणाच्या घरात चालली? भाड्यानं चालली का?" मांडवात हशा व्हायचा, मुलीचा बाप मान खाली घालायचा, मुलाकडचा कुणीतरी उठून माईकची वायर उपटायचा. माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना मुद्दाम उशिरा पाठवली. ते आदल्या दिवशीच येऊन बसले.

या सगळ्यात खरी गंमत पुढेच आहे. हा सगळ्या जगाच्या बायकांना घरं वाटत फिरणारा माणूस, आणि त्याचं स्वतःचं घर कुणाच्या नावावर? त्याच्या. एकट्याच्या. आत्याचं नाव कुठंही नाही. भिंतीला भिंत लावून धाकटा भाऊ राहायचा, त्याला तीन मुलगे, आणि 'दादाच्या मागं हे घर आपलंच' असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. आत्या माझ्यासमोर डोक्याला हात लावायची. "ह्यांनी अख्ख्या म्हाराष्ट्राला घर दिलं. माझ्या चुलीखालची जागा तेवढी द्यायची राहिली."

मी मामांना एकदा चांगलंच धारेवर धरलं. "मामा, ग्रामसेवकाकडे एक अर्ज दिला की तुमच्या घराला आत्याचं नाव लागतं. आधी ते करा, मग राज्यपालांना शिकवा."

मामा शांतपणे म्हणाले, "न्हाई. कायदा झाल्याशिवाय न्हाई."

"का?"

"मी माझ्या मर्जीनं दिलं तर ते दान झालं. मर्जी फिरली तर मी काढून बी घेईन. मला तिला दान द्यायचं न्हाई. कायद्यानं मिळालं तर माझा बाप बी काढणार न्हाई."

"तुमचा बाप वारून वीस वर्षं झाली," आतून आत्या म्हणाली. "आन् तुमी तरी काय अमरपट्टा घिऊन आलाय व्हय?"

तत्त्वाच्या नावाखाली एवढा अडाणीपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पुस्तकं वाचलेले लोकही तत्त्वनिष्ठ असतात, पण ते वेळ बघून असतात.

मग निघाली सह्यांची मोहीम. पुष्कळ बायकांनी सह्या करून मागणी केली, तर सरकारला ऐकावंच लागेल, असं मामांना कुणीतरी घोडेगावच्या कचेरीबाहेर सांगितलं होतं. मामा दोन महिने दारोदार हिंडले. आमच्या लोकांची एक खोड आहे: दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. चहा पाजायचा, म्हशीची चौकशी करायची आणि तो म्हणेल तिथं सही ठोकायची. मामा खुशीत होते. पण त्यांच्या पाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ दुसरा कागद घेऊन त्याच घरांतून हिंडला. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, की असला घरफोड्या कायदा करू नये. लोकांनी त्यालाही चहा पाजला आणि त्यावरही सह्या केल्या. इतकंच असतं तरी चाललं असतं. मामांचा गठ्ठा मी तपासला आणि कपाळावर हात मारला. बायकांच्या सह्या नवऱ्यांनी केल्या होत्या. पाटलाच्या आळीतल्या अकरा बायकांचं अक्षर एकच. कारण मामा दारात गेले, की बाई आत पदर सावरत उभी, आणि नवरा म्हणणार, "तिला काय ईचारता, आना हिकडं." आणि मामांनी ते घेतलं होतं! बायकोला विचारल्याशिवाय घराचं काही होऊ नये, हा कायदा मागणारा अर्ज, आणि त्यावर बायकोला न विचारता केलेल्या सह्या.

मी म्हणालो, "मामा, हे घेऊन गेलात तर कारकून हसेल."

त्यांनी गठ्ठ्यातला एक कागद पुढे केला. मग म्हणाले, "तुझ्या आत्याची सही बगितली का?" बघितली. मामांच्याच अक्षरात होती. "ती शेंगा निवडत व्हती राव. म्हनलं, कशाला उठवायचं." त्यांनी गठ्ठा झोळीत घातला आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. या खेपेला नवऱ्याला ओट्यावर बसवून ठेवायचे आणि बाईला बाहेर बोलवायचे. निम्म्या बायकांनी सही करायला नकार दिला. मामा त्यावरही खूष! "न्हाई म्हनल्या, पन सोता म्हनल्या ना?"

तो कागद घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे आमचे लोकप्रतिनिधी. त्यांच्या बंगल्याबाहेर सकाळपासून बदलीवाले, रस्तेवाले, लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेले असे शंभर लोक. साहेबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, कागद न उघडता मागच्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बघतो." येताना एसटीत मामांचा चेहरा उजळलेला. त्यांच्या मते 'बघू' म्हणजे होणार नाही, 'बघायला सांगतो' म्हणजे कदाचित, आणि 'बघतो' म्हणजे झालंच. त्या दिवशी मला त्या माणसाची इतकी चीड आली, की तिकिटाचे पैसेही मी त्यांनाच देऊ दिले.

पुढे मामांच्या छातीत दुखायला लागलं. मंचरच्या डॉक्टरांनी झोळी खाली ठेवायला सांगितलं. मामा अंथरुणावर आणि धाकट्या भावाची पोरं ओट्याची मापं घेऊ लागली. मी गेलो की ती पत्र्याची पेटी दिसायची, नणंदेची; ती आत्यानं उतरंडीमागून काढून, पुसून पुढे आणून ठेवली होती. मला ते बघवेना.

अशातच एका सकाळी पेपरात बातमी आली, की घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचीही नावं लावावीत, असं सरकारनं ग्रामपंचायतींना कळवलंय. मी तसाच मोटारसायकलवर महाळुंग्याला गेलो. मामांनी उठून बसून ऐकलं. म्हणाले, "परत वाच." तिसऱ्यांदा वाचल्यावर विचारलं, "नवऱ्यानं अर्ज दिला तरच लागनार, का आपोआप?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण बी.ए. झालेल्या माणसाची खोड. म्हणालो, "अर्ज द्यावा लागेल, मामा. संमती लागेल."

"म्हंजी मर्जीच," मामा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी संतापलो. तेरा वर्षांचं सगळं बोलून टाकलं. बहिणीचं, कुलपाचं, भावाच्या पोरांचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "तुझ्या आत्याला बोलव. तिला ईचार, असं दिल्यालं चालंल का."

आत्या हात पुसत दारात आली. म्हणाली, "तुमाला काय वाटतं, चाळीस वरसं मी काय कायद्यानं नांदले?"

मामा वळले. हसले का कण्हले, कळलं नाही. "लिही," मला म्हणाले. अर्ज दोन ओळींचा झाला. मामांनी सही केली, मग आत्यानं केली, तिची तिनं, जीभ दातांत धरून, मामांच्या सहीच्या दुप्पट वेळ घेऊन. ते तिच्या हाताकडे बघत होते. "हरलो राव, बी.ए.," एवढंच म्हणाले.

उताऱ्यावर आत्याचं नाव चढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांना पाहिजे होता तसा, कुणाची मर्जी न विचारणारा कायदा काही त्यांच्या हयातीत झाला नाही. तेरावं उरकलं, पाहुणे एसटीत बसले. मी मुद्दाम मागं राहिलो होतो, कुणी कुलूप घेऊन येतंय का, याकडे डोळे लावून. ऊन कलल्यावर धाकटा भाऊ आला. ओट्याच्या पायरीखालीच थांबला, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "वैनी, चार दिवस कांद्याच्या गोण्या ओट्यावर ठिवू का?"

या माणसानं जन्मात कधी त्या ओट्यावर काही विचारून ठेवलं नव्हतं.

आत्या म्हणाली, "ठेव. पन भिंतीला लावू नको, रंग जातो."

तो हो म्हणून गेला. आत्या केरसुणी घेऊन ओटा झाडायला लागली, आणि मी आत रिकाम्या खाटेकडे बघत बसलो. हे बघायला तो बिनकामाचा माणूस तेवढा असायला हवा होता.