लाँड्रीवरची खोली

म्हातारी सुनेला घेऊन पोटच्या मुलापासून पळाली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. नवऱ्याचा मार तिने जन्मभर मुकाट्याने सोसला होता. पण मुलाने बायकोचा हात पिरगळून मोडला आणि वर निवांत जेवायला बसला. अगदी बापावर गेलेला! त्याच रात्री म्हातारीने सुनेला उठवलं.

एका लाँड्रीच्या मालकिणीने दोघींना वरची खोली दिली. म्हातारी खाली, मागच्या बाजूला इस्त्री करायची. गिऱ्हाइकांसमोर जायची नाही. सून कायम वर. खिडकीला चादर, पावलं जपून, खोकला आला तर तोंड उशीत. असे काही आठवडे गेले. संध्याकाळपर्यंत म्हातारीचे पाय सुजायचे, जिना चढताना जीव नकोसा व्हायचा, आणि वर पोचावं तर सून फुगून बसलेली.

"आई, इथे कुजण्यापेक्षा तिथला मार परवडला," सून एकदा म्हणाली.

"आधी हात नीट जुळू दे, मग बोल," म्हातारी पाय चोळत म्हणाली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

एका दुपारी पुढून ओळखीचा आवाज आला. मुलगा! मालकीण त्याला थोपवत होती, पण त्याची नजर जिन्याकडे. म्हातारी इस्त्री उभी ठेवून बाहेर आली.

"कुठंय ती?"

"मला टाकून कधीच गेली. एकटी मरतेय इथे. मला घरी ने, बाबा."

तो गडबडला. आला होता बायकोला न्यायला, गळ्यात पडली आई. पण गिऱ्हाइकं बघत होती. "चल," तो पुटपुटला.

गाठोडं बांधायच्या निमित्ताने म्हातारीने मालकिणीला मागे नेलं. "तिला आजच लांब धाडा. कुठे, ते मला सांगू नका. हा माझं डोकं खाईल, आणि मी आता थकलेय. एखाद्या दिवशी बोलून जाईन."

आता ती मुलाकडेच आहे. स्वयंपाक तिच्याकडे, धुणंभांडी तिच्याकडे. तो भांडी आपटतो, हात उगारतो. आईवर अजून टाकलेला नाही. जेवताना ठरलेला प्रश्न, "खरं सांग, कुठंय ती?"

"नाही रे ठाऊक," ती म्हणते, आणि ते खरंच असतं. पोरीचा हात जुळला असेल का, तिला कुणी बोलायला तरी असेल का, या विचारात ती वाढायचंही विसरते. तो खेकसतो. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठते.