धाकटीची शेपटी

प्राणिसंग्रहालयात तिला सगळे मावशी म्हणत. वाघांची राखण करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार, हा तिथला जुना विनोद. आता त्यावर कुणी हसतही नसे. निवृत्तीला आलेली बाई. गुडघे कुरकुरत, कंबर धरलेली, आणि घरी पोचली की सून दारातच म्हणे, "आई, आधी अंघोळ, मग गप्पा."

तिच्याकडे दोन सख्ख्या बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. दोन्ही वाघिणींना तिनं बाटलीनं दूध पाजलेलं. थोरली स्वभावानं गरीब. धाकटीच्या नाकावर राग. याच धाकटीनं पिंजऱ्यात शिरलेलं एक भटकं मांजर फस्त केलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मांजराकडून रक्ताचा एक रोग लागतो, मग तो लाळेतून एकीचा दुसरीला जातो, आणि त्यावर औषध नाही. दोघींचं रक्त तपासायचं ठरलं. जिच्यात रोग निघेल तिला टोकाच्या खोलीत जन्मभर एकटीनं राहावं लागणार होतं.

रक्त शेपटीतून घेतात. वाघीण अरुंद बोळात आडवी होते, गजांखालच्या फटीतून शेपटी बाहेर देते. तोंडाशी एकजण मांसाचे तुकडे भरवतो, दुसरा शेपटी धरतो, डॉक्टर सुई टोचतात. हे सगळं मावशीनंच शिकवलेलं. त्या सकाळी शेपटीशी ती होती आणि तोंडाशी नवा रखवालदार. त्याला दोघी सारख्याच दिसत.

थोरलीचं झालं. "आता धाकटीला घे रे," मावशी बसल्या जागेवरून ओरडली. शेपटी आली, मुकाट्यानं. ही आज इतकी शहाणी कशी झाली, असं मनात आलं खरं. पण उठून तोंड बघायचं म्हणजे गुडघ्यांची मनधरणी आली. ती उठली नाही.

दुपारी डॉक्टर निकाल घेऊन आले. "मावशी, सुटलो! दोघीही निर्धोक." मावशीला रडूच फुटलं.

मग ती पाण्याची नळी घेऊन पिंजरा धुवायला गेली. थोरली गजांना टेकून पडली होती. तिच्या शेपटीला सुईची एक खूण या कडेला, एक त्या कडेला. धाकटीच्या शेपटीला एकही नाही. मांसाच्या लोभानं थोरलीच कूस बदलून दुसऱ्यांदा आली होती.

गप्प राहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. बहिणी एकत्र राहिल्या असत्या, आणि मावशीला तेवढंच तर हवं होतं. पण धाकटी थोरलीचा कान चाटत होती, अगदी लहानपणीसारखा. मावशीनं नळी बंद केली.

"डॉक्टर, धाकटीचं रक्त घेतलंच नाही आपण. मी उठून बघितलं नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः तोंडाशी बसली. धाकटी गुरगुरली, पण मावशीकडे बघत तिनं शेपटी दिली. रोग निघाला.

आजारी जनावराची देखभाल करणाऱ्यानं निरोगी जनावराकडे जायचं नाही, असा नियम. नवा रखवालदार म्हणाला, "मावशी, तुम्ही थकलाय. टोकाला मी जातो."

"नको. थोरलीला सांभाळ. आणि तिचं तोंड नीट बघून ठेव."

टोकाच्या खोलीत धाकटी मांसाला तोंड लावेना. मावशीची चाहूल लागली की उठायची, गजांशी आडवी व्हायची आणि न मागता शेपटी बाहेर द्यायची.

"आत घे गं बाई," मावशी म्हणाली. "आता ती कुणाला नकोय."

धाकटीनं शेपटी आत घेतली नाही. मावशी कण्हत कण्हत खाली बसली आणि तिनं ती हातात धरली.