परवानगीमामा

मुलुंडच्या आमच्या ऑफिसात मामा स्वतःच्या खुर्चीवरसुद्धा "बसू का?" असं विचारून बसत. खिडकी उघडायची तरी चारही टेबलांची संमती घेत, तोवर बाहेरचा वारा पडलेला असे. त्यांना परवानगीमामा हे नाव ज्याने ठेवलं, त्यानेही ते विचारूनच ठेवलं असणार.

तेलाचे भाव भडकले तेव्हाची गोष्ट. जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे आमचं ऑफिस तपासत होतं. गरम पाण्याचे झरे ठाणे जिल्ह्यात, आणि बोअर मारायची ती लोकांच्या शेतात. शेतमालकांच्या सह्या आणणं हे मामांचं काम. मी तिथल्या तापमानाचे आलेख काढी.

पहिल्या खेपेला मामा बोअरचा विषयच काढत नसत. गुरांची, विहिरीची चौकशी करून शेवग्याच्या शेंगा घेऊन परत येत. साहेब वैतागत. "कलेक्टरचा हुकूम आणला की एका दिवसाचं काम आहे."

"आणा ना साहेब," मामा म्हणत, "पण मग आपल्याला पाणी कोण विचारणार?"

ताराबाई नावाच्या एका विधवेकडे ते चार वेळा गेले. बाईंना एकच भीती होती, सरकार एकदा शेतात शिरलं की निघणार नाही. शेवटी मामांनी रेघी कागदावर लिहून दिलं : मृगाच्या पेरणीआधी बोअर बुजवून शेत परत. खाली स्वतःची सही केली, मगच बाईंचा अंगठा घेतला.

मे महिन्याच्या शेवटी बोअर खाली जाईल तसं तापमान चढू लागलं. माझ्या आलेखाची रेघ रोज वर सरकत होती. साहेबांना आणखी पंधरा दिवस हवे होते. मामा म्हणाले, "कागदावर माझी सही आहे." आणि त्यांनी मशीन हलवायला लावलं. पुढच्या वर्षी ते मशीन दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. मामांची बदली रेकॉर्डरूममध्ये झाली.

मी चिडून विचारलं, "मामा, पंधरा दिवसांनी काय बिघडलं असतं?"

"अंधेरीला आमच्या बापाचं भातशेत होतं, पोरी. एकाने पंधरा दिवस विटा ठेवायला मागितलं. आज तिथे कारखान्याची भिंत आहे. चर्चला जाताना बाप रोज त्या भिंतीला वळसा घालायचा." एवढं बोलून ते फायली झटकायला लागले.

मामा निवृत्त झाले. पुढे मशीन पुन्हा ठाणे जिल्ह्यात आलं, तेव्हा सह्यांचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी टाइप केलेला अर्ज पुढे केला. त्याने तो बाजूला ठेवला.

"ताराबाईला दिला होता तसा कागद द्या," तो म्हणाला. "हाताने लिहिलेला. आणि बाई, सही आधी तुमची."