दाट चहा

दुपारची जेवणं उरकून हेमलता जरा अंग टाकते. बाहेर भंगारवाला ओरडत चाललेला. त्याचा आवाज लांब जातो, मऊ होतो, आणि त्यातूनच शब्द सुटे व्हायला लागतात. "विटा-सांगली गाडी फलाट दोनवर लागलेली आहे."

हा तर अण्णांचा आवाज. तिच्या वडिलांचा. विट्याच्या एसटी स्टँडावर उभा जन्म त्यांनी भोंग्यावरून गाड्या पुकारल्या, आणि अर्धांगवायूनं नेमका तोच गळा धरला. बोलणं गेलं. पाण्याच्या घोटानंही ठसका लागायचा, पाणी श्वासनळीत उतरायचं. मग दवाखान्यातल्या बाईंनी हेमलताला शिकवलं : पाणी, चहा, ताक, काहीही असो, पावडर घालून दाट करायचं. चमचा तिरका केला तर धार लागता कामा नये, सावकाश ओघळलं पाहिजे. हेमलतानं ते शेवटपर्यंत पाळलं. अण्णा ठसक्यानं गेले नाहीत. झोपेत, हृदय थांबून गेले. लेक असावी तर अशी, असं दहाव्याला सगळे म्हणाले.

आता ते स्टँडावरच्या खोलीत बसलेत, खाकी शर्टात.

"अण्णा, तुम्ही बोलताय!"

"मग काय मुक्यानं गाड्या सोडू? चहा टाक."

ती वळते तर तिचाच ओटा. ओट्याला टेकून उतारू पिशव्या घेऊन उभे आहेत. ती आलं ठेचते, चहा गाळते आणि हात आपसूक पावडरीकडं जातो. ढवळते, चमचा तिरका करते. सावकाश ओघळतो. बरोबर.

कप घेऊन ती अण्णांच्या शेजारी बसते, तर ते गाडीतलं बाकडं असतं. गाडी चाललीय. चालकाच्या जागेवर कुणी नाही. खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव मागं सरकतात.

"हनुवटी खाली घ्या. आता गिळा." ती त्यांच्या गळ्याकडं बघते. कंठ वर जातो, खाली येतो.

"हेमे, वर बघ की."

"थांबा, घोट उतरू दे."

"इतके महिने तू गळ्याकडंच बघत होतीस. मी वर होतो."

तिला मान उचलायची असते. मान उचलवत नाही.

"माझं चुकलं का, अण्णा? साधा चहा द्यायला हवा होता का एकदा तरी?"

"छे! दाट दिलास म्हणून तर तगलो. त्याचं नाही म्हणत मी. हा कसा लागतो, ते सांग."

आमटीचं मीठ हेमलता रोज तळहातावर घेऊन बघते. हा चहा तिनं दिवसातून दोनदा केला आणि कधी जिभेला लावला नाही.

अण्णा चमचा उचलतात. उजव्या हातानं, जो लुळा पडला होता. "आ कर. हनुवटी खाली."

चहा कोमट, गोड. पण आत जायला तयार नाही. कपड्याच्या खळीसारखा जिभेवर बसून राहतो. आल्याचा वास येतो, चहा येतच नाही. ती कसाबसा गिळते, आणि तेव्हा कुठं तिची मान वर होते. अण्णा तिच्या तोंडाकडं बघत असतात.

"कसा?"

"वंगाळ आहे हो, अण्णा."

अण्णा हसतात. "रोज हेच सांगत होतो तुला, तोंड वाकडं करून. बघितलं असतंस, तर दोघांनी मिळून नावं ठेवली असती त्याला. मग उतरला असता गं."

"उद्यापासून वेलदोडा घालते. जायफळ घालते..."

"आता कुठला उद्या?" ते प्रेमानंच म्हणतात. गाडी मांडवापाशी थांबते. अण्णा उतरतात. ती खिडकीतून हाक मारते, पण दिसते ती फक्त पाठ, पानांत शिरणारी.

"हेमा, अगं ऊठ. दिवेलागण झाली." सुधाकर, तिचा नवरा, दिवा लावतो आणि वाकून बघतो. "हे काय लागलंय तोंडाला?"

ओठाच्या कोपऱ्यात तिचं बोट जातं. बोटाला काहीतरी दाट, तपकिरी येतं. अजून कोमट आहे. पावडरीचा डबा तर तिनं तेराव्यानंतर दुसऱ्या एका पेशंटच्या घरी देऊन टाकला होता.

सुधाकर रुमाल पुढं करतो. ती घेत नाही. बोट त्याच्यापुढं धरते.

"अहो, चाखून बघा."

तो गोंधळतो, पण चाखतो. त्याचं तोंड वाकडं होतं. हेमलता त्या तोंडाकडं बघत राहते, तिचे डोळे भरून वाहायला लागतात तरी.