गल्लीभर शोधलेली घरघर

बीबी गावचे गुलाबराव तळहातावर नारळ आडवा ठेवून रान फिरत. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. खणूनही ज्याला ते लागलं नाही, त्याला ते शांतपणे सांगत, तू खोल गेला नाहीस.

त्या सकाळी मात्र त्यांच्या तळहातावर रेडिओ होता. त्यांच्या मंडळींच्या, कोकिळाबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या थोड्याच वेळात आकाशवाणीवर लागणार होत्या आणि रेडिओतून नुसती घरघर येत होती. कोकिळाबाईंनी आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. मोबाईलवरही लागतं म्हणे, पण गुलाबरावांच्या मते मोबाईलवरचा आवाज शिळा.

घरघरीचा उगम शोधायला ते रेडिओची लांबलचक वायर मागे ओढत गल्लीत उतरले. शेजारच्या मोतीरामच्या चार्जरवर संशय घेतला, मग पलीकडच्या तानुबाईच्या नव्या बल्बवर. देवघरात अंधार झाला तर पाप तुमच्या माथी, असं बजावून तिने बल्ब बंद केला. चार्जर निघाले, टीव्ही मुके झाले. घरघर जशीच्या तशी. शेवटी त्यांनी थेट लोणारच्या सरोवरावर ठपका ठेवला. तिथल्या दगडात चुंबक आहे म्हणे, ते आवाज ओढून घेतं.

कोकिळाबाई उंबऱ्यात उभ्या राहून वायर सोडत होत्या. घरघर कुठल्याच दारात वाढत नव्हती, कमीही होत नव्हती. प्रत्येक दारात सारखंच भांडण होत असेल, तर ते दाराचं नसतं, नेणाऱ्याचं असतं, हे त्यांना संसाराने शिकवलं होतं. त्यांनी जालन्याला मुलाला, ऋत्विकला, फोन लावला. रेडिओचे सेल सारखे संपतात म्हणून काडेपेटीएवढा अडाप्टर त्यानेच आणून दिला होता. तो ओशाळून म्हणाला की हे हलके अडाप्टर आतल्या आत वीज सारखी तोडत-जोडत असतात, त्याचा कचरा वायरीतून रेडिओत शिरतो. तो कचरा अडवायला वायरीवर चढवायची फेराइटची काळी कडी आणतो, तोवर सेल घाला.

"अहो, थांबा जरा," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुमी जिथं जाऊन राह्यले, तिथं ते तुमच्या मांगं येऊन राह्यलं."

त्यांनी अडाप्टर उपटला. तानुबाईच्या टॉर्चमधले सेल रेडिओत गेले. घरघर थांबली. पहिली ओवी हुकली होती, दुसरी मात्र स्वच्छ आली:

"साऱ्या गावाले दावी झरा, कंथ माह्या लई ग्यानी,
माह्या डोक्यावर घागर बाई, आनू कोसावून पानी."

टीव्ही बंद असल्यामुळे अख्खी गल्ली तिथेच जमलेली. तानुबाईने पदर तोंडाशी धरला. मोतीराम भिंतीकडे वळून हसू लागला.

"घरघर होती तेच बरं होतं," गुलाबराव पुटपुटले.

कोकिळाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. आपला आवाज बरा आहे की, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी रेडिओ अजून थोडा मोठा केला.