मावशी, झोपून बघा

आईसाठी गादी घ्यायचं काम मी एका सुट्टीत उरकणार होते. मी जळगावात शाळेत शिकवते. आई एरंडोलजवळच्या आमच्या गावात एकटी राहते. वर्षभर तिची कंबर दुखत होती. सकाळी उठताना ती आधी पलंगाची दांडी धरायची, मग खिडकीचा गज, मग भिंत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ती गाठी झालेली कापसाची गादी आधी बदला, नाहीतर माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही. फार मऊ नको, फार कडकही नको. म्हणजे नेमकी कशी, असं विचारलं तर म्हणाले, ते झोपून बघूनच कळतं.

इथंच घोडं अडलं. आई दुकानात झोपेना.

जळगावातल्या पहिल्या दुकानाचे मालक सज्जन होते. त्यांनी काथ्याची दाखवली, फोमची दाखवली, स्प्रिंगची दाखवली. पंखा आमच्याकडे वळवला. "मावशी, झोपून बघा ना," असं ते चार वेळा म्हणाले. आईनं पदर सारखा केला आणि गादीवर दोन थापा मारल्या. कापसाच्या गोणीवर मारतात तशा. मग कोपरा उचलून पाहिला आणि विचारलं, "एकलीले उचलीसन उनमा टाकाले जमी का?"

मालक म्हणाले, "मावशी, फोमला ऊन दाखवायचं नाही. खराब होतो."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला फसवायलाच आणलं होतं. ज्या गादीला कधी ऊन मिळणार नाही, तिच्यावर माणसानं निजायचं, हे तिच्या डोक्यात शिरेना. आम्ही ताक प्यायलो आणि घरी आलो.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. एक मोठं, थंडगार दुकान गाठलं आणि आईला आधीच बजावलं, की आज लाजायचं नाही, सगळे झोपून बघतात. खरंच तिथं एक जोडपं पलंगावर आडवं पडून छताकडे बघत होतं. आईनं ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुकानदार पाच वर्षांची वॉरंटी समजावत होता, मी टिकाऊपणाचे प्रश्न विचारत होते, आणि जिची कंबर दुखत होती ती दारापाशी खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "चार माणसं येतस-जातस. माले आठे नही निजनं. तूच निजीसन देख."

माझा पारा चढला. कंबर हिची, झोप हिची आणि पाहायचं मी. माझी उंची वेगळी, वजन वेगळं. चप्पल घ्यायची असती तर माझा पाय घातला असतास का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुले आवडनं की बठ्ठं बरं शे." मला आवडलं की सगळं बरं! अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आईला दिवसा आडवं झालेलं मी कधी पाहिलेलंच नव्हतं. तापातसुद्धा ती भिंतीला टेकून बसायची आणि अंगणात कुणाची चाहूल लागली की उठून उभी राहायची. हे मला माहीत होतं. पण माहीत असल्यानं राग कमी होत नाही.

तिसऱ्या सुट्टीला माझ्या मावशीच्या सांगण्यावरून आम्ही धुळ्याला गेलो. एसटीत उभ्यानं प्रवास, बाहेर एप्रिलचं ऊन, त्यात आदल्या रात्री बारापर्यंत मी पेपर तपासले होते. दुकानात शिरल्या शिरल्या मी हरले. आईला काही विचारलंच नाही. दुकानदारानं दाखवलेल्या पहिल्या गादीवर सरळ आडवी झाले. खाली काथ्या, वर फोमचा थर, असं तो काहीतरी सांगत होता. त्याचा आवाज लांब लांब जात राहिला.

जाग आली तेव्हा आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. "हाईच ले," ती म्हणाली.

मला खरं वाटेना. पुन्हा विचारलं, तरी तेच. ऊन नाही, उचलणं नाही, एक प्रश्न नाही. तिचं मन बदलायच्या आत मी पावती केली आणि गादी टेम्पोतून गावाला रवाना झाली. मी स्वतःवर इतकी खूश होते, की शाळेत सहकारी बायकांना ही गोष्ट रंगवून सांगितली.

त्यानंतर फोनवर रोज विचारायचे, कंबर कशी आहे? ती म्हणायची, बरी शे. महिनाभरानं मी गावाला गेले. गादी प्लास्टिकमध्ये तशीच्या तशी भिंतीला टेकवून उभी होती. वर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी टाकलेली. पलंगावर तीच गाठींची गादी.

मी पिशवी दारातच टाकली आणि तोंड सोडलं. तीन सुट्ट्या, उन्हातल्या खेपा, डॉक्टर, सगळं काढलं. आई चहा टाकत होती. माझं संपेपर्यंत तिनं त्यात साखर घातली. मग म्हणाली, "दुकानमा तुना डोया लागना व्हता. तुले चांगली झोप लागनी म्हनीसन लिधी. तू येशी तवय तुले व्हई. मन्हं काय, मी कोठेबी पडसू."

म्हणजे ती गादी तिनं माझ्यासाठी घेतली होती. मी जास्तच चिडले. गॅस बंद केला. सुरीनं प्लास्टिक फाडलं, जुनी गादी ओढून ओसरीवर फेकली, नवी पलंगावर टाकली आणि म्हटलं, तू झोपल्याशिवाय मी या घरचं पाणी पिणार नाही. आई पुढच्या दाराकडे बघत राहिली. मी जाऊन कडी लावली.

मग ती झोपली. साडी पायापर्यंत नीट ओढून, हात पोटावर ठेवून. डोळे मात्र उघडे. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. कंबरेला टोचतंय का, विचारलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. पाच मिनिटंही झाली नसतील, तिनं अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आते ऊठू का?"

मी नाही म्हटलं. तिनं ऐकलं आणि तशीच पडून राहिली. तिचं ते ऐकणं मला सहन होईना.